खांबानं किती खाल्लं?

"काका, चाळीस निघाला वेग. सुटलात तुम्ही!" स्पीकरवर माझा सहकारी ओरडला, तशी आईनं हात जोडले. आबा मात्र भिंतीकडे बघत राहिले.

अपघातातल्या गाड्यांचा वेग काढणं हे खरं तर माझंही काम. पण गाडी वडिलांची, म्हणून ही केस त्याच्याकडे गेली. त्या गल्लीत मर्यादा चाळीसची. म्हणजे आता सगळा दोष आडव्या आलेल्या सायकलवाल्याचा. बिचाऱ्याचा पाय मोडलाय, आणि भरपाईही मिळणार नाही.

ब्रेकच्या खुणांवरून चाळीस बरोबरच होता. पण खांब?

आबांना आणायला मी धावत गेले, तेव्हा गाडी दिव्याच्या खांबाला भिडलेली आणि खांब पार वाकलेला. मेली सवय जात नाही; आबांना पाणी पाजलं आणि खांब किती वाकलाय ते टेपनं मोजून घेतलं. दुपारी वायरमननी तो उपटून नवा रोवला, आणि सहकारी आला त्यानंतर. पुढच्या लोखंडी गार्डमुळे बॉनेट शाबूत होतं. त्याला वाटलं, गाडी नुसती टेकली असेल.

"तू खांब हिशेबात धरला नाहीस," मी म्हणाले.

"कुठला खांब?"

"करते फोन," म्हणून मी ठेवून दिला.

आई उसळलीच. "काय करतेस फोन? बापापेक्षा खांब मोठा झाला का तुला?"

"आई, त्या माणसाचा पाय मोडलाय गं."

"आणि यांचं लायसन्स गेलं तर? उभा जन्म शाळेची गाडी चालवली, साधा ओरखडा नाही!"

मला रडूच फुटलं. राग नेमका कोणाचा आलाय, तेही कळेना.

मी कामावरून आले की आबा थट्टेनं विचारायचे, "काय गं, आज कोणी किती खाल्लं?" कारण मीच त्यांना एकदा सांगितलं होतं, की धावती गाडी थांबते म्हणजे तिचा जोर कोणीतरी खातं, थोडा रस्ता, थोडा पत्रा.

"रस्त्यानं चाळीसचा जोर खाल्ला, कळलं," आबा हळूच म्हणाले. "खांबानं किती खाल्लं?"

"तीसचा."

"अगं बाई, म्हणजे सत्तर?" आई किंचाळली.

"नाही. बेरीज वेगांची होत नाही, जोराची होते. आणि जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पन्नास निघतो."

आबांनी मान हलवली. "पन्नासच होता. काटा पाहिला होता मी. पोरं सोडून झाली होती, घाईसुद्धा नव्हती गं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "लाव त्याला फोन. म्हणावं, खांब धर."

दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला त्यांना मीच घेऊन निघाले. आबा पहिल्यांदाच माझ्या शेजारच्या सीटवर बसले. वाटेत ती गल्ली लागली. नवा खांब सरळ उभा होता. मी वेग कमी करायच्या आधीच आबांच्या उजव्या पायानं खालचं मॅट दाबून धरलं, आणि गल्ली संपेपर्यंत तो पाय उचलला नाही.