एकोणीस जागी एकच शब्द

नवरा गेला तेव्हा आमचं पुस्तक अर्ध्यावर होतं. जपानी त्याला यायचं, इंग्रजी मला. तो वाचून मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत उतरवायचे, मग दोघं कडाकडा भांडायचो. तीस वर्षं हाच संसार.

हे पुस्तक एका जपानी आजीबाईंचं, काहीही वाया न घालवण्याबद्दल. त्यात एक शब्द सारखा येतो, मोत्ताइनाई, ढोबळ अर्थ ‘वाया चाललं’. आमच्या अर्ध्या भागात तो एकोणीस वेळा होता आणि नवऱ्याने माझ्याकडून एकोणीस तऱ्हांनी लिहून घेतला. विरलेल्या टॉवेलपाशी ‘अजून पुसतोय ना’ अशा अर्थाचं इंग्रजी. छान दिवस झोपून काढला तिथे ‘हातचा गेला’. आणि लेकाने आणलेला नवा कोट बघून म्हातारी मोत्ताइनाई म्हणते, तिथे ‘मला कशाला रे एवढं’. त्या कोटापायी आम्ही दोन दिवस अबोला धरला होता.

“अगं, ती संकोचलीय, सुखावलीय, आणि तू व्याकरण काय बघत बसलीस?” असा ओरडला होता तो.

महिन्याभराने संपादकांचा फोन आला. “ताई, उरलेलं एक नवी अनुवादक करतेय. तिने सगळीकडे ‘वेस्ट’ घेतलंय. तुमच्या भागातही तेवढं एकसारखं करा. नाही जमलं तर ती पहिल्यापासून करेल, पण मग सरांचं नाव मुखपृष्ठावर ठेवता येणार नाही.”

मला काहीच वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. भेटायला आलेल्यांना मी बिनसाखरेचा चहा द्यायचे आणि ते बिचारे निमूट प्यायचे. त्याचं नाव राहायला हवं, एवढंच डोक्यात होतं. दुपारी बसले. खोडलं, लिहिलं, पुढे. कोटापाशी आले तेव्हा कळत होतं की म्हातारीच्या तोंडी भलतंच जातंय. तरी लिहिलं. अर्ध्या तासात सगळं उरकलं.

पुस्तक छापून आलं. त्याचं नाव माझ्या वर, चांगलं ठसठशीत. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाळत बसली होती. एकदम हसली, मग थांबली.

“आई, हे काय गं? लेक हौसेने कोट आणतो आणि ही बया त्याच्या तोंडावर म्हणते, वाया घालवलंस! किती दुष्ट!” तिने मुखपृष्ठ उलटून पाहिलं. “बाबांनी असं कसं केलं? शेवटी शेवटी त्यांचं लक्षच नव्हतं वाटतं.”

त्याने नाही, मी केलं, असं सांगायला तोंड उघडलं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मला हुंदका फुटला. मुलगी घाबरून उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

“जाऊ दे गं,” ती म्हणाली. “एवढं बारीक कोण वाचतंय? बाबांना माफ.”