अयाळ

सोफ्रोन म्हाताऱ्याने सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं, ते नेमकं अतामानच्या चकचकीत बुटापाशी पडलं. अतामानने पाय मागे घेतला आणि हसून वेळ मारून नेली. चर्चच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं, टीव्हीवाला कॅमेरा मांडत होता, तेव्हा रागावून चालणार नव्हतं.

"काका, आज तरी नीट वागा. तुमच्याच पणतूचा दिवस आहे."

"माझा पणतू घरी झोपला असता तर त्याचं भलं झालं असतं. तुझं नाटक चालू दे."

अतामान म्हणजे गावच्या कोसॅकांचा, झारच्या काळच्या घोडेस्वार लढवय्यांच्या वंशजांचा, पुढारी. हा वालेरी पाखोमोविच पूर्वी सरकारी गोदामात बटाट्यांवर मुकादम होता. राज्य बदललं आणि एका सकाळी त्याला आपण कोसॅक असल्याचं आठवलं. आता त्याच्या छातीवर एवढी पदकं होती की तो वाकला की भांड्यांचं फडताळ हलल्यासारखा आवाज येई. ती कुठल्या लढाईतली हे मात्र कुणी विचारायचं नाही. त्याच्या हाताखालची पोरं लाल पट्ट्यांच्या विजारी घालून, कमरेला चाबूक लावून शनिवारी बाजारात फिरत आणि कलिंगडं विकायला आलेल्या परमुलखातल्या बायकांना दम देत. त्यांचा पराक्रम तेवढाच.

सोफ्रोनला या सगळ्याची किळस येई. त्याच्या आजाला क्रांतीनंतर कोसॅक म्हणून याच चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळी घातली होती. आणि त्याआधी तोच आजा झारच्या हुकमावरून शहरातल्या संपकऱ्यांच्या अंगावर घोडा घालून आला होता, हेही सोफ्रोन लपवत नसे. "आधी दुसऱ्यांना झोडपलं, मग स्वतः मेले. आता मागे उरली ती नुसती विजार," असं तो कुणालाही तोंडावर सांगे.

उस्तीन्या मकारला कडेवर घेऊन आली. ही सोफ्रोनच्या धाकट्या मुलीची मुलगी. तिचा नवरा उत्तरेला तेलविहिरींवर कामाला होता, म्हणून पोराला घोड्यावर चढवायचा मान अतामानने आपणहून स्वतःकडे घेतला होता. मकारला नुकतंच वर्ष झालं होतं. डोक्यावरची लोकरी टोपी त्याच्या नाकापर्यंत येत होती.

"आजोबा, तुम्ही घोड्याजवळ उभे राहाल का?" तिने हळूच विचारलं.

"मी कशाला? हे थोतांड आहे म्हणून मी तुझ्या आजीलाही सांगत आलो."

"माहीत आहे. तरी उभे राहा."

कोसॅकांची जुनी रीत होती. वर्षाच्या मुलाला घोड्यावर बसवून चर्चभोवती एक फेरी मारायची. पोराने अयाळ घट्ट धरली तर ते जगणार, रडलं किंवा घसरलं तर लढाईत जाणार. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. उस्तीन्याच्या मामाचं काय झालं, हेही ठाऊक होतं.

हा मामा म्हणजे सोफ्रोनचा थोरला मुलगा, अनिकेय. त्या काळी असल्या गोष्टींना बंदी होती, म्हणून बायकोने सामुदायिक शेतीच्या तबेल्यात चोरून त्याला घोड्यावर बसवलं. पोरगा भोकाड पसरून खाली घसरला आणि सोफ्रोन पोट धरधरून हसला. एकोणिसाव्या वर्षी अनिकेय अफगाणिस्तानात गेला आणि जस्ताच्या बंद शवपेटीतून परत आला. "गाडी सुरुंगावर गेली, त्यात घोड्याचा काय संबंध?" असं सोफ्रोन बायकोला सांगत राहिला, तिने विचारलं नसलं तरी. ती गेल्यावर तो तेच स्वतःला सांगत असे.

लगाम धरून घोडा आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोफ्रोनने मूठभर बिया तोंडाकडे नेल्या होत्या, त्या तशाच हातात राहिल्या.

घोड्याची मान बोडकी होती. कानांपासून खांद्यापर्यंत अयाळ मुळापासून कापलेली होती.

"अयाळ कुठे गेली रे?"

"गोखरूंनी गच्च झाली होती, काका," अतामान खुशीत म्हणाला. "मीच कापायला सांगितली. टीव्हीवर कसं स्वच्छ दिसेल बघा."

सोफ्रोनने सभोवार पाहिलं. एवढ्या टोप्या, एवढी पदकं, एवढे चाबूक, आणि यांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. हसू येण्यासारखी गोष्ट होती. असल्या गोष्टीवर तो महिनाभर हसला असता. पण उस्तीन्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबा," ती म्हणाली. पण अतामानने तोवर मकारला तिच्याकडून घेऊन खोगिरावर ठेवलं होतं आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं होतं. घोडा चालू लागला.

मकारचे हात पुढे गेले. तळवे बोडक्या मानेवरून फिरले, घसरले, पुन्हा फिरले. त्याच्या बोटांना काहीच सापडेना. खालचा ओठ बाहेर आला. अंग एका बाजूला कललं.

हातातल्या बिया टाकून सोफ्रोन गर्दीतून घुसला. कमरेच्या दुखण्याची पर्वा न करता तो घोड्याच्या मानेशी वाकला आणि त्याने आपली दाढी पोराच्या हातांत दिली. मुठी तत्काळ मिटल्या.

"धर," तो दातांवर दात दाबून म्हणाला. "अजून घट्ट धर, गाढवा."

पूर्ण फेरी तो तसाच वाकून, मान तिरपी करून घोड्याच्या चालीने चालला. डोळ्यांतून पाणी येत होतं. लाल पट्ट्यांची पोरं फिदीफिदी हसत होती. एकजण मोबाईलवर चित्रण करत म्हणाला, "म्हाताऱ्यालाच लगाम घातलाय बघ." सोफ्रोनला ऐकू आलं. एरवी त्याने त्या पोराच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

फेरी संपली. उस्तीन्याने पोराला उतरवलं, तेव्हा त्याच्या मुठी दाढीपासून एक-एक बोट करून सोडवाव्या लागल्या.

"अप्रतिम, काका," अतामान धापा टाकत आला. "पण तुमच्या पाठीमुळे मी नीट दिसलो नाही म्हणतात. पुन्हा एक फेरी मारू या का?"

सोफ्रोनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेवर हात ठेवून तो हळूहळू सरळ झाला.

"रडला का गं तो?" त्याने नातीला विचारलं.

"नाही, आजोबा."

"मध्ये ओठ काढला होता त्याने. मी पाहिलं."

"काढला होता. पण रडला नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती रुमालाने पोराचे हात पुसायला लागली. एका मुठीत थोडे पांढरे केस अडकले होते. ती ते झटकणार, एवढ्यात सोफ्रोनने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला आणि पोराची बोटं त्याने पुन्हा मिटवली. "घरी जाईपर्यंत राहू दे त्याच्या मुठीत."