क्रूस हलणार नाही

मी क्रूस बोलतोय. कॉटन ग्रीनच्या गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्या पेट्रोल पंपाच्या डाव्या कोपऱ्यात, कठड्याच्या आत चुना फासलेला दगड उभा आहे, तो मी. पंप अजून सुरू झालेला नाही. आज संध्याकाळी होईल. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी सांगणार आहे ते खरं आहे, की एका म्हाताऱ्या दगडाची नुसती धास्ती आहे, हे मला ठरवता आलेलं नाही. ऐकून तुम्हीच ठरवा.

प्लेगच्या साली मला इथे उभं केलं. घरोघरी माणसं मरत होती, चर्चपर्यंत जायचीही लोकांना भीती वाटत होती. म्हणून गल्लीतल्या फ्लॉरेन्सच्या पणजोबांनी गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस उभारायचं ठरवलं. पाथरवट कोकणातला होता. पहिला घाव घालण्याआधी त्याने काळ्या दगडाला हात जोडले. ते हात दगडाला जोडले की त्यातून निघणाऱ्या क्रुसाला, हे त्यालाही माहीत नसावं.

पुढे प्लेग ओसरला. माझ्यामुळे ओसरला की त्याची वेळ झाली होती म्हणून, हे मला आजही माहीत नाही. लोकांनी मात्र माझ्यामुळेच असं धरलं आणि मी ते खोडून काढलं नाही. दगडाला बोलता येत नाही ही सबब आहे, पण तेव्हा बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का, याची मला शंका आहे. मान कुणाला नको असतो?

तेव्हापासून मला नवस बोलले जातात. बहुतेक मेणबत्तीचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा मागच्या चाळीत कोकणातली कुटुंबं राहायला आली, त्यांनीही मला आपलंसं केलं. ती माणसं गुरुवारी पणती ठेवतात, अमावास्येला नारळ फोडतात. मे महिन्यात ख्रिस्ती कुटुंबं माझ्यापुढे लदीन म्हणतात. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात, आणि त्या चण्यांना चाळीतली सगळी पोरं येतात.

माझं शिक्षणही इथेच झालं. माझ्या शेजारी पालिकेचा दिवा होता. चाळीतल्या खोल्यांत माणसं दाटीवाटीने राहायची, तेव्हा परीक्षेला बसलेली मुलं माझ्या चौथऱ्यावर येऊन मोठ्याने पाठ करायची. कुणी कायदा, कुणी शरीरशास्त्र, कुणी रसायनशास्त्र. ती पास होऊन निघून गेली आणि त्यांचे धडे माझ्याकडे राहिले. त्यातलं एक वाक्य हल्ली सारखं आठवतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचून राहते. एका चष्मेवाल्या मुलाने ते घोकलं होतं. त्याने बरोबर घोकलं होतं की चूक, हे मी कुणाला विचारणार?

खोलगट जागा म्हणजे काय, हेही सांगायला हवं. पूर्वी माझ्यापाशी यायला पायऱ्या चढाव्या लागत. मग रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, पुढे सिमेंट आलं, आणि मी जिथल्या तिथे राहून खाली गेलो. आता त्याच पायऱ्या उतरून माझ्यापाशी यावं लागतं. पावसाळ्यात माझ्या पायाशी घोट्याएवढं पाणी साचतं. फ्लॉरेन्स ते डब्याने उपसते.

मी थोडा पश्चिमेला कललेलाही आहे. गोदीत स्फोट झाला त्या दुपारच्या हादऱ्याने कललो, असं जुनी माणसं सांगत. पाया खचल्यामुळेही असेल. पण त्या दिवशी आकाशातून जळता कापूस पडताना मी पाहिला आहे. आग म्हटलं की मी घाबरतो ते तेव्हापासून, आणि घाबरणाऱ्याच्या साक्षीला किती किंमत द्यायची हे तुम्हाला ठाऊक आहेच.

माझ्या मागचा भूखंड कापसाच्या गोदामाचा. गोदाम पडलं आणि बरीच वर्षं तिथे एरंड माजला. मलाही कुणी फारसं विचारत नव्हतं. नवी मंडळी मोबाइल कानाला लावून पुढे जायची. एक फ्लॉरेन्स तेवढी रोज यायची, आणि तिच्या बरोबरीने तिसऱ्या मजल्यावरची मालन. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली. फ्लॉरेन्स माहेरच्याच घरात राहिली, मालन कणकवलीकडून आली. आता दोघींचे गुडघे दुखतात. एक पायऱ्या उतरते, दुसरी वरून तिचा हात धरते.

गेल्या वर्षी माझ्याच कठड्याला एक फलक बांधला गेला. या जागी पेट्रोल पंप आणि चोवीस तास चालणारं दुकान प्रस्तावित आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. त्या संध्याकाळी गल्ली माझ्यापुढे जमली.

"क्रूस हलवणार, दुसरं काय," फ्लॉरेन्स म्हणाली. "माझ्या आज्याच्या बापाने उभा केलाय तो. बांद्र्याला असाच एक उचलला, मग कोण विचारतो?"

"आणूक देत बुलडोझर," मालन म्हणाली. "मी आडवी पडते त्याच्यापुढे."

"तू आडवी पडलीस तर तुला उठवायला क्रेन लागेल, बाय."

सगळे हसले. मालनची सून प्राची हसली नाही. ती वरून खाली आली होती, हाताला अजून कणीक होती.

"आंटी, क्रुसाचं ठीक आहे," ती म्हणाली. "पण पंपाचं कुणीच का बोलत नाही? आपल्या गल्लीला बाहेर पडायला हा एकच रस्ता. टँकर उभा असताना काही झालं तर चाळीतली माणसं निघणार कुठून?"

"काही होत नाही गं," फ्लॉरेन्सचा मुलगा टेरेन्स म्हणाला. तो विमा कंपनीत आहे, स्कूटरवरून जातो. "पंप तर पाहिजेच. पेट्रोलला आपण लालबागपर्यंत जातो. फक्त क्रुसाला हात लावायचा नाही, एवढंच लिहू."

"देवाचा काय ता आधी होऊ दे," मालन सुनेला म्हणाली. "तुझ्या रस्त्याचा मागाहून बघू."

अर्ज गेला तो माझ्यासाठी. क्रूस हलवू नये, एवढीच हरकत, आणि खाली सगळ्या गल्लीच्या सह्या. मला भरून आलं होतं हे कबूल करतो. इतकी माणसं एका दगडासाठी एकत्र येतात, त्या दगडाला आणखी काय हवं? प्राचीचं बोलणं मी ऐकलं होतं, पण त्या संध्याकाळी मला ते फारसं टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून पडली होती तेव्हा, फ्लॉरेन्स एकटी आली. कपाळ माझ्या पायाला टेकून हळूच म्हणाली, "तू हलला नाहीस ना, तर माझ्या उंचीची मेणबत्ती लावीन तुझ्यापुढे." फ्लॉरेन्स तशी बुटकी बाई आहे. पण तिच्या उंचीचीही मेणबत्ती दिवस-रात्र जळत राहील एवढी होते. हा नवस ती आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हता.

आठवड्याभराने पंपमालकाचा माणूस आला. विनीत नाव, पांढरा शर्ट, गोड बोलणं. पायऱ्या उतरण्याआधी त्याने बूट काढले आणि मला झेंडूचा हार घातला. टेरेन्सला हसू आलं, पण फ्लॉरेन्स विरघळली.

"आंटी, क्रूस हलणार नाही," विनीत म्हणाला. "आमच्या शेठनी शब्द दिलाय. उलट संगमरवर लावून देतो. वर छत, रात्री लाइट. कोपरा तसाही आम्हाला कामाचा नाही."

"आणि पायऱ्यांना धरायला दांडी?" मालनने विचारलं.

"स्टीलची, मावशी. आणि दुकान चोवीस तास. मेणबत्त्यासुद्धा तिथेच ठेवू. तुम्हाला लांब जायला नको."

हे तो हसत म्हणाला आणि गल्लीही हसली. एकटी प्राची म्हणाली, "पेट्रोल पंपावर मेणबत्त्या विकणार?" तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. सगळे दांडी कुठे बसवायची ते दाखवत होते. हरकत त्याच दिवशी मागे घेतली गेली.

मग मंजुरी देणारे सरकारी साहेब पाहणीला आले. नकाशा माझ्या कठड्यावर पसरला होता, त्यात मी एक लहान चौकोन होतो. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

प्राचीने हात वर केला. तिने रस्त्याचं सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "साहेब, हा खड्डा बघा. इथे लोक मेणबत्त्या लावतात, पणत्या लावतात. टाक्या इथून किती लांब?"

"नियमाप्रमाणेच आहेत," साहेब म्हणाले. "पण बरोबर आहे. इथे उघडी ज्योत चालणार नाही, ही अट घालतो. मेणबत्ती, दिवा, अगरबत्ती, काही नाही. कबूल?"

"बॅटरीवरच्या मेणबत्त्या देऊ ना," विनीत म्हणाला. "अगदी खऱ्यासारख्या हलतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्लॉरेन्सनेही. मी तिच्याकडे पाहत होतो. तिच्या ओठांवर तिचा नवस होता आणि मान होकार देत होती, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नवस देवाशी बोललेला असतो, अट साहेबांशी. आमच्या गल्लीत ही दोन खाती कधी एकत्र येत नाहीत.

"बस ना आता, प्राची," टेरेन्स म्हणाला. "क्रूस राहतोय ना?"

"भावजी, क्रूस राहील हो," प्राची म्हणाली. "आपलं काय?"

"फायर ब्रिगेडमध्ये भरती हो तू," कुणीतरी मागून म्हणालं. हशा पिकला. मालनही हसली. प्राची पदर खोचून वर निघून गेली, आणि तेव्हापासून ती माझ्यापाशी आलेली नाही.

मंजुरी मिळाली. पोकलेनने जमीन उकरली. हत्तीएवढ्या टाक्या क्रेनने खड्ड्यात सोडताना गल्लीने मोबाइलवर फोटो काढले. माझा कोपरा कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून टाक्यांचे श्वास सोडणारे नळ माझ्या पाठीशी उभे केले. टँकर रिकामा करायचं तोंडही याच बाजूला आलं. नकाशात ते आणखी पलीकडे होतं असं मला वाटतं. पण नकाशा मी उलट्या बाजूने पाहिला होता, तेव्हा खात्रीने सांगता येत नाही.

संगमरवर लागला. दांडी लागली. 'येथे ज्योत पेटवू नये' असा लाल फलकही माझ्या कठड्यावर आला. आज सकाळी सजावट करणाऱ्यांनी त्यावरून झेंडूचं तोरण सोडलं. फलक आता दिसत नाही.

दुपारी पहिला टँकर आला. पाइप जोडला, आणि काही वेळाने माझ्या पायाशी काहीतरी गार येऊन बसलं. दिसत नाही, पण वास आहे. पावसाचं पाणी साचतं तिथेच ते साचतं आहे. चष्मेवाल्या मुला, तू बरोबरच घोकलं होतंस बहुतेक.

आणि आता, सगळी गल्ली दुकानापुढे आरतीसाठी जमलेली असताना, त्या दोघी येत आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब मेणबत्ती आहे. एक टोक फ्लॉरेन्सच्या खांद्यावर, दुसरं मालनच्या. माहीमला सांगून करून घेतली.

विनीतने त्यांना पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग तो मागे वळून आरतीच्या ताटाकडे पाहू लागला. ताटात कापूर जळत होता.

"आंटी, अट आहे हं," तो म्हणाला.

"नवस आहे, बाळा. एकच. मग तुझ्या त्या बॅटरीवाल्या."

"बरं, आज शुभ दिवस आहे. आजच्या दिवस लावा. उद्यापासून नाही."

माझे दोन्ही हात पसरलेले आहेत. लहान मुलं म्हणतात, हा कुणाला तरी अडवायला उभा आहे. इतक्या वर्षांत मला कुणाला अडवावंसं वाटलं नव्हतं. आज वाटतं आहे, आणि हात दगडाचे आहेत. प्लेग मी घालवला असं ज्यांना वाटलं, त्यांचीच पणती फ्लॉरेन्स माझ्यासाठी पायरीपर्यंत आली आहे. मला हलवलं असतं, फोडून खडी केली असती, तरी चाललं असतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मालनने वरून तिचा हात धरला आहे. फ्लॉरेन्स म्हणते, "वास कसला गो?" मालन म्हणते, "नवीन रंगाचा." मेणबत्ती उभी राहिली आहे. फ्लॉरेन्स पिशवीत काडेपेटी चाचपते आहे. चष्मा घरी राहिला, म्हणून थोडा वेळ लागतो आहे. तेवढाच वेळ माझ्याकडे आहे.

तुम्ही या रस्त्याने जात असाल तर मला हात जोडू नका. मी चूक असेन तर लोक तुम्हाला हसतील; प्राचीलाही हसले होते. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर डावीकडून दुसरी खिडकी तिची आहे. वासामुळे तिने ती दुपारपासून लावून घेतली आहे. खाली उभे राहा आणि जोरात हाक मारा. ती एकच अशी आहे, जी हाक ऐकून आधी माझ्या पायाशी बघेल.