हेत, लामेद, हे

रब्बी आसाएल जेवायला येणार म्हटल्यावर त्सिव्याचं डोकंच फिरलं.

"मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली, पसंत केली. आता नुसती तारीख ठरवायचीय. त्यात या बाबाचं काय काम?" ती नवऱ्यावर, शबताईवर उखडली. "तोराची पोथी उघडून बघणार आहे का, लग्नाच्या हॉलचे पंखे चालतात की नाही ते?"

शबताई भट्टीसमोर बसून हातावरचं पीठ खरवडत होता. "मुलाच्या बापाचा, प्रॉस्पेरचा गुरू आहे तो. त्याचं व्याख्यान ऐकलं आणि प्रॉस्पेर शनिवारचा शब्बाथ पाळायला लागला. येऊ दे गं. सूप पिईल, चार शब्द बोलेल, जाईल."

"चार शब्दांवर थांबणारा रब्बी पाहिलायस तू कधी?"

आसाएल आधी म्हणे कॉम्प्युटरमध्ये होता. आता गावोगाव हॉल भरवायचा. तोरातल्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, सगळ्या अक्षरांची एकच लांबलचक माळ करायची आणि मग ठराविक अंतर सोडून एकेक अक्षर उचलायचं. असं केलं की त्यात माणसांची नावं निघत, लढाया निघत, भूकंप निघत. घडून गेलेलं सगळं सापडायचं. उद्याचं विचारलं की वर बोट दाखवायचा, "परवानगी नाही." लोक माना डोलवत आणि खिशात हात घालत.

"एवढी अक्षरं असल्यावर माझ्या तिळाच्या पावाचा भावसुद्धा निघेल त्यात," त्सिव्या म्हणायची. गिऱ्हाइकं हसायची. येरुशलाईमच्या बाजारामागच्या त्या बोळात तिच्या जिभेला सगळे टरकून असत.

पण आत ती धास्तावलेली होती. एफ्रातला, तिच्या लेकीला, लहानपणी फिट यायच्या. शाळेच्या जिन्यात पडली तेव्हा पहिली आली. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या, पण गोळ्या थांबल्या नाहीत. त्सिव्याने ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती. गोळ्या आणायला ती बसने दुसऱ्या गावी जायची. घरी आली की बाटलीवरचा कागद सोलून काढायची आणि बाटली कपड्यांच्या कपाटात मागे दडवायची. सोयरीक जुळवणाऱ्या बाईने तिला बजावून ठेवलं होतं, "खोटं बोलू नका. विचारलं नाही तर सांगूही नका. आजार म्हटला की लोक पायताण घालायलाही थांबत नाहीत." एफ्रातच्या बरोबरीच्या मुली दोन-दोन लेकरं घेऊन पाव न्यायला येत. पाव त्यांच्या हातात देताना एफ्रात हसायची आणि त्सिव्याला ते हसू बघवायचं नाही.

आणि आता नेहोराय मिळाला होता. मोरोक्कोवाल्यांचा मुलगा, शाळेत शिकवणारा, सरळ. एफ्रात त्याला भेटून आली की गुणगुणत पीठ मळायची. हे लग्न पार पडलं की मग देवाकडे मला काही मागायचं नाही, असं त्सिव्या रोज देवाला सांगत होती.

शब्बाथ संपला आणि मंडळी आली. प्रॉस्पेर, त्याची बायको जूल्येत, मधे इस्त्रीचा शर्ट घातलेला नेहोराय आणि मागून बगलेत लॅपटॉप मारून रब्बी आसाएल. जूल्येतने आल्या आल्या एफ्रातचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते गं माझा! किती वाळलीस! आमच्या घरी ये, चार महिन्यांत अशी भरतेस की नाही बघ!"

"भरवा, भरवा," शबताई म्हणाला. "पीठ माझं, पोट तुमचं."

सूप झालं, मासे झाले. प्रॉस्पेरने तिखटाला नाव ठेवलं, जूल्येतने त्याला कोपराने ढोसलं, सगळे हसले. त्सिव्याला वाटलं, उगाच घाबरले मी. किती साधी माणसं आहेत. एवढ्यात आसाएलने ताटं सरकवून लॅपटॉप उघडला.

"नवरा-नवरीसाठी छोटीशी भेट आणलीय," तो म्हणाला. "वरच्याने हे लग्न कधीच लिहून ठेवलंय. आपण नुसतं वाचायचं."

"वरच्याला दुसरी कामं नाहीत वाटतं," त्सिव्या पुटपुटली. शबताईने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

पडद्यावर अक्षरांची दाटी झाली. आसाएलने एक आडवी ओळ पिवळी केली. "एफ्रात!" मग तिला छेदणारी एक उभी ओळ निळी केली. "नेहोराय!" जूल्येतने बोटांची टोकं ओठांना लावली. प्रॉस्पेर खुर्चीतून अर्धा उठला. शबताईनेसुद्धा चष्मा पुसला.

"थांबा, अजून आहे," आसाएल म्हणाला. त्याचा आवाज आता हॉलमधला झाला. "दोघांच्या मधोमध, एफ्रातच्या नावाला अगदी चिकटून, तोराने एकच शब्द ठेवलाय. या घराचं सगळं गुपित त्या एका शब्दात आहे. मी नाही वाचणार. नवरीच्या आईने वाचायचं."

आणि त्याने तीन अक्षरांभोवती लाल गोल काढला. हेत, लामेद, हे.

आमच्या हिब्रू लिहिण्यात काना-मात्रा नाहीत. व्यंजनं तेवढी लिहायची, स्वर वाचणाऱ्याने पदरचे घालायचे. हेत, लामेद, हे म्हणजे खल्ला, शब्बाथचा वेणीचा पाव. शबताईच्या बापाने आणि आज्याने जन्मभर हाच शब्द दुकानाच्या पाटीवर रंगवला होता. पण जुन्या वळणाने तीच तीन अक्षरं खोला अशीही वाचता येतात. खोला म्हणजे आजारी बाई.

त्सिव्याने ती अक्षरं पाहिली आणि तिला खोलाच दिसलं. गुपित म्हणाला हा. नवरीच्या आईनेच वाचायचं म्हणाला. आणि एफ्रात! एफ्रात गावाच्या वाटेवरच ना तोरातली राहेल गेली, बाळंतपणात, रस्त्यातच पुरावी लागली? हे नाव ठेवताना सासू नको नको म्हणत होती. यांना सगळं कळलंय. बसमध्ये कुणीतरी पाहिलं असणार. म्हणूनच या माणसाला आणलंय, भर पानावर माझ्या तोंडून वदवायला.

"वाचा ना," जूल्येत हसत म्हणाली. "लाजताय काय?"

"तिला आता काही होत नाही!" त्सिव्या ओरडली. "कित्येक वर्षांत एकही फिट आलेली नाही! गोळी घेते, बस्स, सकाळ-संध्याकाळ एक गोळी. डॉक्टर म्हणाले, लग्न करू शकते, मुलं होतील. मी सांगणारच होते तुम्हाला, आईची शपथ, तारीख ठरली की सांगणारच होते! असं मुलीसमोर, देवाच्या पुस्तकातून काढायची काय गरज होती?"



"मी..." आसाएल चाचरला. "मी खल्ला म्हणत होतो. एफ्रात म्हणजे बेथलेहेम, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. पाववाल्यांची मुलगी. खल्ला."

"मी तर खल्लाच वाचलं," शबताई हळूच म्हणाला. त्याला बिचाऱ्याला दुसरं काय दिसणार!

जूल्येतने हातातला चमचा खाली ठेवला. "कसल्या गोळ्या?" प्रॉस्पेरने विचारलं, आणि त्यानंतर त्या टेबलावर जे बोलणं झालं ते सगळं प्रश्नांचंच होतं. त्सिव्या उत्तरं देत गेली. एक लपवायला गेली की दुसरं बाहेर पडायचं. नेहोराय ताटातल्या माशाच्या काट्याकडे बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. निघताना शबताईने भरून ठेवलेली पावांची टोपली पुढे केली तर जूल्येत म्हणाली, "राहू द्या, आमच्याकडे आहे."

दार लागल्यावर एफ्रात ताटं आवरायला लागली.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"नेहोरायला. दुसऱ्या भेटीतच मी सांगितलं होतं. म्हणाला, मला काही फरक पडत नाही. माझ्या आईला हळूहळू मी समजावतो, तू काळजी करू नकोस."

"मग बोलला का नाही तो? तोंडात काय मूग धरले होते?"

"त्यालाच विचार, ईमा."

"आणि तू? तू मला का नाही सांगितलंस?"

"तू मला कुणालाच सांगू नको म्हणाली होतीस." एफ्रातने नळ सोडला. "कुणालाच म्हटल्यावर त्यात तूही आलीस असं वाटलं मला."

दुसऱ्या दिवशी जूल्येतचा फोन आला. तिने आवाज चढवला नाही. तोच चढवला असता तर बरं झालं असतं. "खोट तुमच्या मुलीत नाही हो, त्सिव्या. खोटं तुमच्या घरात आहे. उद्या नातवाला काय झालं ते तुम्ही आम्हाला सांगाल, याची काय खात्री?" नेहोरायचा फोन आलाच नाही. एफ्रातने बरेच दिवस वाट पाहिली. पीठ मळताना फोन फळीवर समोर ठेवायची. मग एकदा तो खिशात टाकला आणि पुन्हा फळीवर ठेवला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी माणसाने गिळलं असतं. पण त्या भोंदूच्या हाती सोनंच लागलं होतं! महिना झाला नसेल, शेजारणीने मोबाइल नाचवत दुकानात पाऊल टाकलं. पडद्यावर आसाएल, मागे लाल गोलातली तीन अक्षरं आणि त्यांना चिकटून पिवळं 'एफ्रात'. "एका पाववाल्याच्या घरी गेलो होतो. नाव सांगत नाही. आईने वर्षानुवर्षं लपवलेला मुलीचा आजार तोराने एका शब्दात उघडा पाडला! खोला!" हॉल नुसता हादरत होता. नाव सांगत नाही म्हणे. बाजारामागे पाववाले असे किती आहेत?

त्सिव्या पुढच्या व्याख्यानाला गेली. एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही. बायकांच्या बाजूला पडद्याआड बसली आणि तो शब्द आला तशी पडदा ओढून उभी राहिली.

"तू खल्ला म्हणालास! माझ्या टेबलावर, माझं सूप पिऊन, तू खल्ला म्हणालास! पावाचं वाचलंस तू, खोटारड्या! आजार मी सांगितला, तुझ्या पुस्तकाने नाही!"

आसाएल क्षणभर पांढरा पडला. मग त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले.

"ऐका मंडळी! ही आई स्वतः आलीय. खरं बोलतेय ती. माझ्यासारख्या अडाण्याने त्यात पाव वाचला. ज्याच्यासाठी लिहिलं होतं, त्यालाच बरोबर वाचता आलं. यापेक्षा मोठा पुरावा पाहिजे कुणाला?"

टाळ्या थांबेनात. शेजारच्या बाईने त्सिव्याला मिठीत घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "धन्य तुम्ही!" त्या बोळातल्या बाईला गप्प बसवणारा हा पहिला माणूस निघाला.

शबताईला तिने घरी येऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू गेलीसच कशाला?" आणि कणीक झाकून झोपायला गेला.

शुक्रवारी सकाळी दुकानात नेहमीची झुंबड होती. एफ्रात गल्ल्यावर होती, त्सिव्या मागे भट्टीतून पाव ओढत होती. एक नवखी तरुण बाई दोन वेणीचे पाव घेऊन पुढे आली. पोटुशी होती, चेहऱ्यावरून भली दिसत होती.

"एक विचारू का?" ती एफ्रातला म्हणाली. "आम्ही काही जणी दर गुरुवारी एकत्र पीठ मळतो. पिठाचा तुकडा देवाच्या नावाने बाजूला काढताना आजाऱ्यांची नावं घेतो. इथल्या कुठल्याशा पाववाल्याची मुलगी आहे ना आजारी, रब्बी आसाएलनी सांगितलेली? तिच्यासाठीही मागतो आम्ही. मुलीचं नाव पडद्यावर वाचलं, पण तिच्या आईचं नाव कुणालाच माहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

आमच्याकडे लग्नाच्या करारात नवरीच्या नावापुढे बापाचं नाव येतं. आजाऱ्यासाठी मागणं मागताना मात्र आईचं घेतात.

त्सिव्याच्या हातातलं फावडं भट्टीच्या तोंडाशीच अडलं. पुढचा पाव करपायला लागला होता.

एफ्रातने पाव कागदात गुंडाळले, पिशवीत घातले, सुटे पैसे मोजून बाईच्या तळहातावर ठेवले.

"त्सिव्या," ती म्हणाली. मागे न बघता, स्पष्ट, जराशी मोठ्याने. "एफ्रात, त्सिव्याची मुलगी. असंच म्हणा."