टेकडीवरचं निळं दार

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्यात गाणं नाही. मला कुणी वाजवलं तर

वाचता आलं नाही. फीत मागे घ्या.

मी एक जुनी कॅसेट आहे. रागावू नका, मला असंच सांगता येतं, अडत, मागे जात. मला वाजवलं तर आधी लांब शीळ ऐकू येते आणि मग नुसती खरखर. ती खरखर म्हणजे एक खेळ आहे. आमच्या काळचे घरगुती संगणक फार विसराळू होते. वीज बंद केली की सगळं पुसलं. म्हणून दर वेळी टेपरेकॉर्डर जोडून माझी खरखर त्यांच्या कानात पहिल्यापासून ओतावी लागे. एक कप चहा संपेपर्यंत थांबायचं, मग पडद्यावर खेळ उभा राहायचा, नाहीतर ‘वाचता आलं नाही, फीत मागे घ्या’ असं लिहून यायचं.

डंडी नावाच्या बंदराच्या गावात, एका चढाच्या रस्त्यावर डॉड गॅल्ब्रेथचं घर होतं. मी दुकानातून तिथे कोरी आले. डॉड गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचा. गोदी बंद पडली. त्याची बायको नेटा मात्र गावातल्या कारखान्यात तेच छोटे काळे संगणक जोडायला जायची. गावाला हे नवं नव्हतं. तागाच्या गिरण्यांच्या दिवसांपासून आमच्याकडे बायका कामाला जात आणि काम सुटलेले नवरे घरी चहाचं पाणी ठेवत. लोक त्यांना किटलीवाले म्हणत.

नेटा दारातूनच विचारायची, "काय किटलीवाले, पाणी उकळलं का?"

"उकळलं, आटलं, परत ठेवलं," डॉड म्हणायचा. "उशीर तू करायचा आणि बोलणी मी खायची."

पाणी उकळेपर्यंत तो घरातल्या संगणकावर एका बोटाने खेळ लिहीत बसे. प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारायचा आणि मग बटण दाबायचा. त्याच्या खेळात एक छोटी बाई मटण भरलेली गरम पाई घेऊन टेकडी चढते. वरून कुरव झडप घालतात, ते समुद्रावरचे पांढरे चोर पक्षी. तीन पाई गेल्या की खेळ संपला. टेकडीच्या माथ्यावर घराचं दार.

नेटाने पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कोट काढायची थांबली. "ही मी का? माझं ढुंगण एवढं चौकोनी आहे?"

"तुमच्याच कारखान्याचा माल. त्यात याहून गोल जमत नाही."

"आणि दारामागे काय आहे?"

"पोचलीस की कळेल."

दारामागचा भाग डॉडने एका रविवारी लिहिला. त्या दिवशी नेटा घरीच होती, शेजारच्या स्वयंपाकघरात. म्हणून त्याने अक्षरं उच्चारली नाहीत. ओठ मिटून लिहिलं. मग मला रेकॉर्डरमध्ये घालून सगळं माझ्यावर उतरवलं आणि माझ्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन दात मोडले, म्हणजे माझ्यावर दुसरं काही कुणी भरू नये. मित्रांनो, ते

वाचता आलं नाही. फीत मागे घ्या.

ते दारामागचं माझ्यात आहे. पण मला ते वाचता येत नाही. मला त्याची फक्त खरखर पाठ आहे.

आमचा रेकॉर्डर जुन्या बाजारातला होता. त्याचं हेड, म्हणजे माझ्या अंगावरून फिरून मला वाचणारं ते लोखंडी बोट, एका बाजूला कललेलं होतं. दुकानातल्या कॅसेट त्याला वाचता येत नसत. मी त्याच कललेल्या बोटाने लिहिली गेले होते, म्हणून मी बिनचूक चाले. डॉडला याचं कौतुक होतं. हा माझ्यासारखा वाकडा आहे, घरचंच ऐकतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. माझी दुसरी प्रत तो उद्या काढणार होता. रोज उद्या.

त्या हिवाळ्यात त्याचा खोकला छातीत उतरला आणि तो गेला.

नेटा कारखान्यातून यायची आणि कोटासकट माझ्यासमोर बसायची. तिच्या हाताखालून किती संगणक गेले असतील, पण खेळणं तिला कधी जमलं नव्हतं. कुरव तिच्या हातातल्या पाई पळवत राहिले. ती चिडत नसे. मला मागे घेई, पुन्हा लावी. वसंतात ती पहिल्यांदा माथ्यापर्यंत चढली. एकच पाई उरली होती. पडद्यावर निळं दार आलं, पितळेच्या कडीसकट, अगदी त्यांच्या घराचं. ती बघतच राहिली, आणि तेवढ्यात कुरवाने शेवटची पाई नेली.

"पोचले होते रे," ती रिकाम्या खोलीला म्हणाली.

मग रेकॉर्डर रडत चालू लागला. त्याचा पट्टा सैल झाला होता. खालच्या मजल्यावरचा वॉटी रेडिओ दुरुस्त करायचा. मनाने फार चांगला माणूस. त्याने पट्टा बदलला आणि रेकॉर्डर स्वतः वर आणून दिला.

"हेडपण वाकडं होतं बघ, सरळ करून दिलं. आता कुठलीही कॅसेट चालेल."

खरंच कुठलीही चालली. दुकानातले खेळ चालले, वॉटीच्या अकॉर्डियनच्या कॅसेट चालल्या. मी चालले नाही.

"पुन्हा वाकडं कर," नेटा म्हणाली.

"किती?"

ते माप कुणीच घेऊन ठेवलं नव्हतं.

वॉटी केसभर स्क्रू फिरवायचा, मला लावायचा, पुन्हा केसभर. असे किती दिवस गेले कोण जाणे. माझ्या फितीवरची पूड, जिच्यात खेळ साठवला होता, झिजत होती. आणि एका दुपारी पडद्यावर टेकडी आली. अर्धी, पण आमचीच. नेटाने बोटं बटणांवर ठेवली. तेवढ्यात रेकॉर्डरच्या रबरी चाकाने मला ओढलं, गुंडाळलं, चावलं. वॉटीने पेन्सिलीने मला हळूहळू बाहेर काढलं. बोटभर जागेत माझ्या सुरकुत्या पडल्या होत्या. ती जागा माझ्या अगदी शेवटाला होती, दारामागचं होतं तिथेच.

वॉटीला तोंड वर करवेना.

"तू सरळच केलंस रे," नेटा म्हणाली. "तेच तर झालं."

तिने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. कधी कधी ती मला बाहेर काढून कानाशी धरायची. मी गप्पच असायचे. आवाज माझा नसतो, तो मला वाचणाऱ्याचा असतो. पुढे तिचा कारखानाही बंद झाला. ती म्हातारी झाली आणि मग डबा उघडणारं कुणी राहिलं नाही. आता मी जुन्या वस्तूंच्या दुकानात एका खोक्यात आहे, अकॉर्डियनच्या कॅसेटांखाली. माझ्यावर नाव नाही. डॉड तेही उद्याच लिहिणार होता.

मित्रांनो, एखादी वाकडी वस्तू सरळ करायला घ्याल, तेव्हा तिच्या वाकडेपणाला कोण टेकून उभं आहे ते आधी विचारा. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मी एक जुनी कॅसेट आहे. टेकडी माझ्यात आहे, पाई गरम आहे, बाई चढते आहे. माथ्यावर दार आहे. दारामागे

वाचता आलं नाही. फीत मागे घ्या.

मागे घ्यायला कुणी नाही.