दोघींचं मागणं

गल्लीत तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. खिळखिळी झालेली पुस्तकं तिच्याकडे येत आणि शिवून, खळ लावून, नव्या पुठ्ठ्यात परत जात. लग्नाला तिच्या वर्ष झालं होतं. नवऱ्याची पहिली बायको वारलेली, मागे आठ वर्षांची मुलगी. काटकुळी, जिभेला तिखट, म्हणून घरात तिला मिरीच म्हणत.

बाईने मिरीचं काही कमी केलं नाही. वेणी, डबा, अभ्यास, तापात कपाळावरच्या पट्ट्या, सगळं वेळच्या वेळी. पण आत डोकावलं की कोरडं ठणठणीत. हे सांगणार कुणाला? रोज पहाटे, तोंडात पाण्याचा थेंब घेण्याआधी, ती क्रूसापुढे गुडघे टेकून प्रभूलाच सांगे.

आज मिरीची मावशी तिला न्यायला येणार होती, कायमची. "तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला होता. "तुला जड होत असेल तर जाऊ दे." आणि निर्णय तिच्या गळ्यात टाकून तो पहिल्या पाळीला निघून गेला होता.

दोरीवर पुठ्ठ्याच्या आत लावायचे अस्तराचे रंगीत कागद वाळत होते. उजेड त्यांतून गाळून खाली येत होता, आधी निळसर, मग फिकट गुलाबी. खोली पाण्याच्या तळाशी असल्यासारखी हलत होती.

"प्रभू, तिच्यासाठी थोडंसं प्रेम दे," ती पुटपुटली. "माझ्याजवळ नाही रे."

"काय नाही?"

पांघरूण लपेटून मिरी दारात उभी. खोटं बोलावं, तर बाईचे गुडघे अजून देवापुढे टेकलेले.

"प्रेम. तुझ्यासाठी. पुरेसं नाही गं माझ्याकडे."

मिरी रडली नाही. "माझ्याकडेपण नाही, तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मला वाटायचं, मलाच नाहीये."

मग जवळ येऊन हळूच, "तुम्ही देवाला अरेतुरे करता?"

"जवळचा आहे ना तो."

"आणि त्याच्याकडे आहे?"

"त्याच्याकडेच तर आहे. आपल्यात येतं ते त्याच्याकडूनच. तुझ्या आईने तुला जीव लावला, तोही तिथूनच आला होता."

"मग आई गेली तरी तो संपला नाही?"

"तो कसा संपेल, बाळा?"

मिरी शेजारी गुडघ्यांवर बसली. "देवा, मला थोडं दे, यांना थोडं दे. सारखं वाट हं. यांना जास्त नको."

नऊ वाजता मावशी आली, जिना चढून धापा टाकत. टेबलावरच्या पुस्तकांकडे पाहून म्हणाली, "पुस्तकं झकास जोडतेस, बाई. पण पोर म्हणजे पुस्तक नव्हे, खळ लावली की चिकटलं! काय गं मिरे, जीव लावतात का तुला इथे?"

"अजून आलेलं नाही," मिरी गंभीरपणे म्हणाली. "आम्ही आजच मागितलंय."

"ऐकलंस, बाई? चल मिरे, घाल चपला."

मिरीच्या चपलेचा पट्टा टाचेखाली दुमडला होता. बाई सवयीने खाली वाकली, पट्टा वर काढला आणि तिचा हात त्या बारक्या घोट्याभोवतीच राहिला. घोटा ऊबदार होता. सोडायचा होता, पण हात सोडेना. जाऊ दे म्हणायला तिने तोंड उघडलं.

"ताई, नका नेऊ तिला."

तिचं तिलाच नवल वाटलं. वाक्य तिने ठरवलं नव्हतं. छातीत काहीतरी भरत, चढत होतं. इतकं तिच्याजवळ कधीच नव्हतं आणि ते आपलं नाही हे तिला लख्ख कळत होतं.

"अगं, आता तर ही पोर म्हणाली..."

"खरंच म्हणाली ती. सकाळपर्यंत नव्हतं. मला हवी आहे ती."

पिशवी खाली ठेवून मावशी हळूच खुर्चीवर टेकली.

मिरी वरून बाईच्या केसांकडे बघत होती. "मला अजून नाही आलं," ती म्हणाली. "पण मी थांबते."