कडीमागचा पेला

रविवारी सकाळी साडेदहाला निपाणीचे पाहुणे जयाबाईंच्या थोरल्या लेकीला, शेवंताला बघायला अनगोळात आले. साल १९८६. ते दारात यायच्या आधीच जयाबाईंनी धाकट्या अंबूला घरामागच्या परड्यातल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. थोरले दीर भावकूअण्णांनी बजावलं होतं, "तसलं पोर दिसलं की थोरलीचंबी जमायचं न्हाय." अशी पोरं लपवायची रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

अंबू आठ वर्षांची, पण बोलत नव्हती. टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम हे नाव दिलं आणि औषध लिहून देण्याऐवजी जयाबाईंनाच शिकवायला घेतलं. पाणी हवं झालं की अंबू किंचाळायची. तिचा हात धरून रिकामा पेला जमिनीवर वाजवून घ्यायचा आणि लगेच पाणी द्यायचं, एवढाच पहिला धडा. शेजारणींनी टिंगल केली, "जया आता पोरीला टाळ वाजवाय शिकवतीया." दिवाळीनंतर मात्र अंबू आपणहून पेला वाजवू लागली. बाईंनी बजावलं, "आता हातातलं काम टाकून उठायचं. वाजवूनही कुणी आलं नाही, तर ती मागणंच सोडून देईल."

पोह्यांच्या बशा फिरत असताना परड्यातून पेला वाजला.

"मागं कोण हाय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"वासरू हाय. भांडं लाथाडतंय," भावकूअण्णा हसून म्हणाले.

जयाबाईंचा नवरा परशराम सतरंजीकडे बघत राहिला. पेला पुन्हा वाजला, अधिक जोरात. जयाबाई उठल्या नाहीत. मान खाली घालून कपांत चहा ओतत राहिल्या. मग पेला थांबला.

पाटावर बसलेल्या शेवंतानं पदर सावरला. "वासरू न्हाय ते. माझी भन हाय. आई, पाणी मागतीया ती. जा की गं."

जयाबाई तांब्या घेऊन धावल्या. कडी काढली तेव्हा अंबू भिंतीकडे तोंड करून बसली होती. पेला कोपऱ्यात आडवा पडला होता. तिनं आईकडे वळून पाहिलं नाही.

बाहेर मुलाची आई चपला घालत होती. "आदी सांगाय पायजे हुतं," एवढंच ती म्हणाली. भावकूअण्णांनी शेवंताला नको ते बोलून घेतलं. जयाबाईंना त्यातलं काही लागलं नाही; लेकीला वासरू म्हटलं तेव्हा आपण चहा ओतत होतो, तेवढंच लागलं.

निपाणीहून अजून निरोप नाही. जयाबाई रोज अंबूचा हात धरून पेला वाजवून घेतात आणि लगेच पाणी देतात. आपणहून तिनं तो अजून वाजवलेला नाही.